चीनहून परतलेले चौघे

१९३८ चा जुलै महिना नागपूरच्या राजकारणात वादळी ठरला. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख डॉ. नारायण भास्कर खरे यांनी २० जुलैला राजीनामा दिला आणि लगोलग नवं मंत्रिमंडळ उभं केलं. वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणी बसली. २६ तारखेला तिने खऱ्यांना दोषी ठरवलं आणि महिना संपता संपता रविशंकर शुक्ल सत्तेवर आले. मराठी नागपूर आणि हिंदी महाकोशल यांच्यातली जुनी तेढ त्या पंधरवड्यात उघड्यावर आली. आजचे सौंसर आणि पांढुर्णा तालुके या तेढीच्या अगदी काठावर होते. बोली मराठी, बाजार नागपूरचा, पण जिल्हा छिंदवाडा आणि काँग्रेसच्या नकाशावर प्रांत महाकोशल. पांढुर्ण्याला तेव्हा स्वतंत्र तहसीलही नव्हती, ते सौंसर तहसिलीतलंच गाव होतं. नागपूरला जे घडे त्याचे पडसाद नागपूर-इटारसी लोहमार्गाने इथवर यायला वेळ लागत नसे.

या गदारोळातच नागपूरचे एक डॉक्टर परदेशी निघण्याच्या तयारीत होते. डॉ. चोळकर. जुने काँग्रेसजन, वय पन्नाशीच्या पलीकडे. शहरातले बाकीचे पुढारी कोणाच्या गटात कोण, याचा हिशेब करत असताना या गृहस्थांनी जपानी बॉम्ब पडत असलेल्या देशात जाऊन जखमींची सेवा करायचं ठरवलं होतं. खरे प्रकरणावर पुस्तकं लिहिली गेली, चोळकरांचं नाव मात्र नागपुरातही फारसं कोणाच्या ओठांवर नाही.

चीनच्या मोहिमेची हकीकत तशी ठाऊक असलेलीच आहे. ७ जुलै १९३७ ला बीजिंगजवळच्या पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी चढाई केली. त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. पुढच्या वर्षी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांनी ३० जून १९३८ ला जाहीर आवाहन केलं, ७ ते ९ जुलै या दिवसांत देशभर चीनसाठी निधी गोळा झाला आणि २२ हजार रुपये जमले. स्वतः गुलाम असलेल्या, निम्म्याहून अधिक उपाशी असलेल्या देशाने दुसऱ्या देशासाठी जमवलेले ते २२ हजार होते. ही रक्कम आज लहान वाटते म्हणून मी मुद्दाम लिहितो: त्यातून रुग्णवाहिका निघाली, औषधांच्या पेट्या निघाल्या आणि पाच डॉक्टर निघाले.

पाचांत प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने त्यांनी नुकतीच वैद्यकीय सेवा केली होती. उपप्रमुख नागपूरचे चोळकर. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय अठ्ठावीसही नव्हतं. आणि कोलकात्याचे दोघे तरुण, विजयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ ला ते मुंबईहून ‘राजपुताना’ जहाजाने निघाले. सात वर्षांपूर्वी गांधीजी गोलमेज परिषदेला याच जहाजाने गेले होते. एक वर्ष सेवा करून परतायचं, असं ठरलं होतं.

कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला हपै प्रांतातल्या एका खेड्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर पुस्तक झालं, चित्रपट झाला, दोन्ही देशांनी टपाल तिकिटं काढली. ते सारं त्यांना शोभणारंच आहे. पण हुतात्म्याच्या स्मारकापुढे उभं राहिलं की आपण एक प्रश्न विचारायला विसरतो. ही कथा आपल्यापर्यंत आणली कोणी? जे चौघे परत आले त्यांचं पुढे काय झालं? परदेशात सेवा करून आलेला माणूस आपल्या गावात परततो, तेव्हा त्याच्यापुढे एक नवंच काम उभं राहतं. जे डोळ्यांनी पाहिलं ते लोकांना सांगायचं, त्या परक्या लोकांची बाजू आपल्या लोकांपुढे मांडायची आणि वारं उलटं फिरलं तरी मांडत राहायची. हे काम सेवेहून लांबलचक असतं आणि त्याला टाळ्या फार कमी मिळतात.

याचा एक आधीचा दाखला आमच्याच जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातून जातो. १९१५ च्या नोव्हेंबरात मौलाना महंमद अली आणि शौकत अली या बंधूंना सरकारने छिंदवाड्यात आणून स्थानबद्ध केलं आणि पुढची साडेतीन वर्षं तिथेच ठेवलं. डोंगराळ, आडबाजूचा जिल्हा म्हणून निवडलेली ही जागा असावी. महंमद अलींचा एक मोठा उद्योग त्याच्या तीन वर्षं आधीचा होता. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटलं तेव्हा त्यांनी आपल्या ‘कॉम्रेड’ पत्रातून निधीची हाक दिली आणि डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर आणि स्वयंसेवकांचं पथक त्या डिसेंबरात मुंबईहून तुर्कस्तानला रवाना झालं. हिंदी लोकांनी स्वतःच्या पैशाने दुसऱ्या देशातल्या जखमींसाठी पाठवलेलं हे पथक १९३८ च्या मोहिमेचं पूर्वज म्हणता येईल.

ते पथक १९१३ मध्ये परतलं. पथकातली माणसं मग गप्प बसली नाहीत. तुर्की इस्पितळात पट्ट्या बांधलेल्या या तरुणांच्या तोंडून तुर्कस्तानची कहाणी उत्तर हिंदुस्थानभर पोचली आणि महायुद्धानंतर खिलाफतीची चळवळ उभी राहिली तेव्हा तिच्या पुढाऱ्यांत हेच लोक होते. अन्सारी १९२७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले. शुऐब कुरेशी १९२८ च्या नेहरू समितीत बसले. चौधरी खलिकुज्जमान मुस्लिम लीगचे पुढारी झाले आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. एकाच छावणीत राबलेली माणसं तीन वाटांनी गेली. आणि ज्या खलिफासाठी त्यांनी गावोगाव सभा घेतल्या ते खलिफापदच तुर्कांनी मार्च १९२४ मध्ये स्वतःच्या हाताने मोडीत काढलं. ज्यांची बाजू घेऊन आपण बोलत होतो त्यांनीच पाठ फिरवली तर काय करायचं, या प्रश्नाला खिलाफतीच्या कार्यकर्त्यांकडे उत्तर नव्हतं. चळवळ विझली आणि मागे कटुता उरली.

हाच प्रश्न चाळीस वर्षांनी चीनहून परतलेल्यांपुढे येऊन ठाकणार होता.

पण आधी चीनमधले दिवस, थोडक्यात. १७ सप्टेंबरला पथक क्वांगचौला उतरलं तेव्हा सन यत-सेन यांच्या पत्नी सूंग छिंग-लिंग स्वागताला हजर होत्या. तिथून हानकौ. तेही पडण्याच्या बेतात होतं. मग यिचांग, मग छुंगछिंग. शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे प्राध्यापक तान युन-शान तिथे भेटले. त्यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी चीनचं दर्शक ‘ह्वा’ हे अक्षर जोडलं. छुंगछिंगलाच कोटणिसांना वडील गेल्याचं कळलं. घरी परत जा, असं सहकाऱ्यांनी विनवलं, ते राहिले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला पोचलं. पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा, त्यातच इस्पितळ, त्यातच राहणं.

वर्ष संपायच्या आत पथक विखुरलं. मुखर्जींना मूत्रपिंडाच्या विकाराने गाठलं आणि त्यांना परतावं लागलं. चोळकरही १९३९ मध्येच परतले. त्या वयात, त्या थंडीत, त्या अन्नावर त्यांनी जेवढं निभावलं तेवढंही थोडं नव्हे. उरलेले तिघे वर्षाच्या अखेरीस आघाडीकडे निघाले आणि पुढच्या वर्षी अटलही प्रकृतीमुळे मायदेशी आले. कोटणीस वुथाई पर्वताच्या बाजूला आघाडीवर राहिले. १९४० च्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. बसू येनानला परतले आणि तिथल्या इस्पितळात काम करत राहिले. कोटणिसांच्या मृत्यूची बातमी त्यांना तिथेच कळली.

१९४३ मध्ये विजयकुमार बसू मायदेशी आले. त्यांच्या परतण्याच्या वेळेचा विचार करावा तेवढा थोडा आहे.

ज्या काँग्रेसने त्यांना पाठवलं ती बेकायदा ठरली होती. ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर, ऑगस्ट १९४२ पासून, नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात बंद होते. आणि ज्या अध्यक्षांनी पाचांची निवड करून निधी उभारला ते सुभाषबाबू जुलै १९४३ मध्ये सिंगापुरात पोचले होते, जपानच्या मदतीने आझाद हिंद फौज उभी करत होते. १९३७ च्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’त याच सुभाषबाबूंनी पूर्वेकडील जपानच्या भूमिकेवर लेख लिहून चीनच्या बाजूने कौल दिला होता. आता जपानने लुटलेल्या, जाळलेल्या गावांत पाच वर्षं जखमा शिवलेला त्यांचाच डॉक्टर कोलकात्याला परतला होता आणि त्या शहराच्या तरुणांचं दैवत जपान्यांच्या बाजूला उभं होतं. सुभाषबाबूंचा हेतू स्वातंत्र्याचा होता, यात शंका घेण्याचं कारण नाही. पण चीनची कहाणी कोलकात्यात सांगायची म्हणजे त्या घटकेला लोकांच्या सर्वांत कोवळ्या भावनेला हात घालणं होतं. बसू कम्युनिस्ट होते आणि कम्युनिस्टांवर तर बंगालची जनता आधीच चिडलेली होती.

आणखी एक गोष्ट त्यांची वाट पाहत होती. १९४३ चा बंगालचा दुष्काळ. कोलकात्याच्या फुटपाथवर माणसं मरत होती. बसूंनी दुष्काळग्रस्तांच्या वैद्यकीय मदतीत उडी घेतली. येनानमध्ये शिकलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडली असणार: साधनं नसताना, औषधं नसताना, लोकांनाच हाताशी धरून आरोग्याचं काम उभं करायचं. चीनबद्दल बोलायला आणि लिहायला वेळ नव्हता. तरीही कहाणी त्यांनी दाबून ठेवली नाही. मुंबईचे पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांना त्यांनी ती सांगितली आणि १९४४ मध्ये अब्बासांचं इंग्रजी पुस्तक बाहेर पडलं. एक डॉक्टर परत आला नाही, अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. कोटणिसांना घराघरांत नेणारी पहिली पायरी ती.

दुसरी पायरी व्ही. शांताराम यांची. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ मध्ये आला. राजकमल कलामंदिराची निर्मिती, कथा अब्बासांची, पटकथेत वि. प. साठे, संगीत वसंत देसाईंचं. शांताराम स्वतः कोटणीस झाले आणि जयश्री झाल्या कोटणिसांच्या चिनी पत्नी छिंग-लान. इंग्रजी आवृत्ती परदेशात गेली. पटात इतिहासाला कल्पनेची जोड बरीच आहे, पण त्याचा खरा धीटपणा वेगळ्या ठिकाणी दिसतो. लाल किल्ल्यावर आझाद हिंद सैनिकांवरचा खटला नुकताच गाजला होता, देशभर त्यांच्या नावाचा जयजयकार चालू होता. त्याच वर्षी एका मराठी दिग्दर्शकाने जपानी सैन्याचे अत्याचार पडद्यावर दाखवले आणि प्रेक्षकांनी ते पाहिले, स्वीकारले. लोकांच्या मनात दोन्ही गोष्टींना जागा होती. आपल्या पुढाऱ्यांना आणि इतिहासकारांना तेवढी जागा कधी सापडली नाही असं मला वाटतं.

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं सोपी होती. ‘हिंदी-चिनी भाई-भाई’च्या घोषणा होत्या, मैत्री संघ निघाले, शिष्टमंडळं गेली-आली. कोटणिसांच्या पत्नी क्वो छिंग-लान १९५८ मध्ये भारतात आल्या. अशा काळात मैत्रीचं समर्थन कोणीही करील. बसूंनी या काळात जे केलं ते घोषणांहून टिकाऊ निघालं. ते पुन्हा चीनला गेले आणि अॅक्युपंक्चर शिकून आले. १९५९ मध्ये त्यांनी कोलकात्यात या पद्धतीने उपचार सुरू केले. भारतातल्या अॅक्युपंक्चरचा आरंभ इथून धरतात. पाश्चात्त्य जगात अॅक्युपंक्चरचं कुतूहल पेटलं ते १९७१ मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये आजारी पडले आणि त्यांनी आपल्यावर झालेल्या सुयांच्या उपचाराबद्दल लिहिलं तेव्हा. बसू त्याच्या बारा वर्षं पुढे होते, तेही रॉकेलचा दिवा लावणाऱ्या वस्त्यांतल्या रुग्णांसाठी.

मग १९६२ आलं.

२० ऑक्टोबरला चिनी सैन्य नेफा आणि लडाखमध्ये घुसलं. महिनाभरात भारताची मान खाली गेली. त्यानंतर देशात चीन हा शब्द उच्चारणंही जड झालं. भारत संरक्षण कायद्याखाली डाव्या कार्यकर्त्यांची धरपकड झाली. बंगाल-आसामात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे ३ हजार लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांत सुतार होते, चांभार होते, लाँड्रीवाले होते, शाळकरी मुलं होती. ज्यांना चीनची सीमा कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं अशी माणसं वर्षानुवर्षं कुंपणात राहिली. त्या कोलकात्यात चीनचा माजी स्वयंसेवक म्हणून जगणं म्हणजे काय, याची कल्पना करावी. दोन्ही देशांत राजदूत उरले नव्हते आणि १९७६ पर्यंत ते आले नाहीत. चीनमध्येही सांस्कृतिक क्रांतीची वावटळ उठली. कोटणिसांचा एकुलता एक मुलगा यिन-ह्वा वैद्यकशास्त्र शिकत होता, १९६७ मध्ये पंचविशी गाठण्याच्या सुमारास तो वारला.

अन्सारींच्या साथीदारांपुढे १९२४ मध्ये जो प्रश्न आला तोच हा. फरक असा की बसूंनी सगळा भार एका सरकारवर किंवा एका गादीवर ठेवलेला नव्हता. चीनच्या राज्यकर्त्यांनी काहीही केलं तरी येनानच्या डोंगरात ज्या शेतकऱ्यांच्या जखमा त्यांनी धुतल्या ते शेतकरी खरे होते, कोटणिसांची समाधी खरी होती आणि चिनी वैद्यांकडून शिकलेली सुई रोग्याच्या अंगाला टोचली की तिचा जो काही गुण येई तो सीमेच्या वादावर अवलंबून नव्हता. बसू राजकारणी होते, कम्युनिस्ट होते, चीनबद्दलची त्यांची मतं सगळ्यांना पटणारी नव्हती. मलाही त्यांतली कित्येक पटत नाहीत. १९६२ ची जखम खोटी नव्हती आणि सीमेवर मेलेल्या जवानांच्या घरी जाऊन मैत्रीच्या गोष्टी सांगता येत नाहीत. तरीही मैत्रीचा धागा वाऱ्यावर सोडून द्यायचा नाही, तो दवाखान्याच्या टेबलाशी बांधून ठेवायचा, ही त्यांची युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. रोगी दारात आला की तो भाई-भाईची घोषणा मागत नाही आणि निषेधाचीही मागत नाही. त्याला कंबरदुखी थांबायला हवी असते.

सत्तरच्या दशकात हवा किंचित निवळली. अखिल भारतीय डॉ. कोटणीस स्मारक समितीच्या कामाला बसूंच्या नेतृत्वाखाली जोर आला. समितीचे कार्यकर्ते बहुतेक तरुण होते. त्यांनी बंगालमध्ये आणि बंगालबाहेर अॅक्युपंक्चरची केंद्रं आणि शिबिरं चालवली, डॉक्टरांना ही पद्धत शिकवली. पंजाबात लुधियान्याला कोटणिसांच्या नावाने अॅक्युपंक्चरचं रुग्णालय १९७५ मध्ये निघालं, तेही याच परंपरेतलं. सोलापूरच्या मराठी डॉक्टरचं नाव, चिनी उपचार, बंगाली शिक्षक आणि पंजाबी रोगी! या पद्धतीच्या सगळ्या दाव्यांना आधुनिक वैद्यकाने मान्यता दिलेली नाही, वेदनेवरच्या गुणाबद्दल पुरावा जास्त आहे आणि इतर रोगांबद्दल वाद आहेत, हे लिहिलं पाहिजे. पण या केंद्रांचं महत्त्व मला दुसऱ्या कारणासाठी वाटतं. लोकांशी बोलायचं तर आधी लोकांच्या उपयोगी पडावं लागतं, हे त्यांना कळलेलं होतं. पत्रकं वाटून जी माणसं जमली नसती ती कोपर-गुडघे धरून रांगेत बसत आणि बसल्या बसल्या भिंतीवरचा कोटणिसांचा फोटो कोणाचा, हे विचारत.

परतलेल्या स्वयंसेवकांच्या अशा कामाला जगात इतरत्रही इतिहास आहे. परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकेच्या पीस कोअरचा कायदा १९६१ चा. स्वयंसेवकांनी परक्या देशांची ओळख आपल्या अमेरिकी बांधवांना करून द्यावी, हे त्या संस्थेच्या तीन उद्दिष्टांपैकी तिसरं. म्हणजे परतल्यानंतरचं काम तिथे संस्थेच्या उद्दिष्टांतच नोंदलेलं आहे. भारतातही ते स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात आले, खेड्यांत राहिले. आणि उद्दिष्ट लिहिणाऱ्यांना कदाचित अपेक्षित नव्हतं असंही घडलं: मे १९७० मध्ये परतलेल्या स्वयंसेवकांच्या एका गटाने कंबोडियावरच्या हल्ल्याच्या निषेधार्थ वॉशिंग्टनमधलं पीस कोअरचं मुख्यालयच ताब्यात घेतलं. ज्यांच्या घरात जेवलो त्यांच्यासारख्या माणसांवर बॉम्ब पडत असताना गप्प बसणं त्यांना जमलं नाही. कॅनडाची गोष्ट उलटी. ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस संचालक झाले ते कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून चीनमध्येच १२ नोव्हेंबर १९३९ ला वारले. कम्युनिस्ट म्हणून त्यांच्या देशाने त्यांच्याकडे तीस वर्षं पाठ फिरवली आणि चीनशी राजनैतिक संबंध जुळल्यावर, १९७२ मध्ये, त्यांना राष्ट्रीय महत्त्वाची व्यक्ती ठरवलं. सरकारची सोय झाली की स्मारकं होतात. भारतात कोटणिसांच्या स्मृतीला सरकारी सोयीची वाट पाहावी लागली नाही, कारण १९४३ मध्ये एक माणूस ती स्मृती बरोबर घेऊनच परतला होता.

महाराष्ट्राने कोटणिसांचं ऋण मानलं. सोलापुरातलं त्यांचं घर स्मारक झालं, २०१२ च्या आरंभी ते खुलं झालं. चीनचे बडे पाहुणे मुंबईला आले की कोटणीस कुटुंबाची भेट घेत आले आहेत, २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू चिन-थाव यांनीही घेतली. चोळकरांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. ते परतले, हाच जणू त्यांचा गुन्हा. आपल्याकडे सेवेचं मोल मरणाने मोजण्याची सवय फार खोल गेली आहे. साठीकडे झुकलेला, शहरात नाव असलेला डॉक्टर घरदार सोडून युद्धभूमीवर जातो, थंडीवाऱ्यात जखमी पाहतो, शरीर साथ देईनासं झाल्यावर परततो आणि आपल्या जुन्या शहरात जुन्या माणसांत मिसळून जातो. यात मला काहीच उणं दिसत नाही. तरुण कोटणिसांच्या त्यागाइतकाच तो मोलाचा, असं म्हणण्याइतका मी धीट नाही. पण मुंबईच्या धक्क्यावर निरोप घेताना चौघा सोबत्यांना त्यांच्या पांढऱ्या केसांचा आधार वाटला असणार, एवढं तरी नागपूरकरांनी लक्षात ठेवायला हवं.

आणि नागपूरकरांनीच का? तेव्हा चोळकर आमच्याही राजधानीचे होते. १९५६ मध्ये राज्यं भाषेवार झाली, नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. ५ ऑक्टोबर २०२३ पासून या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्री अजूनही नागपूरच्या बाजाराला जातात आणि लग्नं अजूनही काटोल-नरखेडात जमतात. पण शाळेतला इतिहास भोपाळहून येतो आणि त्यात नागपूरच्या डॉक्टरला जागा नाही. नागपूरच्या इतिहासात पुन्हा आम्हाला जागा नाही. सीमेवरच्या माणसांची आठवण अशी दोन्हीकडून कापली जाते, म्हणून ती आपणच लिहून ठेवावी लागते. छिंदवाड्यात अली बंधू कोणत्या घरात राहिले हे सांगणारे लोक अजून आहेत. तुर्कस्तानला डॉक्टर पाठवणारा माणूस तोच, हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल.

बसूंनी आपलं लिहून ठेवलं होतं. मोहिमेतल्या पाच वर्षांची रोजनिशी त्यांच्याजवळ होती. तारीख, गाव, किती मैल चाललो, कोणते रोगी पाहिले, चहा घेताना कोण काय बोललं, असल्या बारीक नोंदी. ती रोजनिशी येनानच्या हाकेवरून नाव घेऊन, कोटणीस स्मारक समितीनेच, १९८६ मध्ये इंग्रजी पुस्तकरूपाने छापली. मोहिमेला निघून ४८ वर्षं झाली होती. त्याच वर्षी बसू वारले. कोटणीस, अटल, चोळकर, मुखर्जी कसे चालले, कसे भांडले, कसे हसले, हे आज जे आपल्याला कळतं ते बरंचसं त्या वह्यांतून. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, पश्चिम बंगालच्या विधानसभेने अॅक्युपंक्चर उपचारपद्धतीचा कायदा केला आणि हा उपचार करणाऱ्यांची राज्यात रीतसर नोंदणी होऊ लागली. त्या वेळपर्यंत बसूंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शिकवलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत दवाखाने चालवत होती.